युद्धाचा निर्णय आणि राज्यपद्धती: कागदावर कोण, प्रत्यक्षात कोण?

लोलक (धागाकर्ता)

वेगवेगळ्या देशांत युद्धाचा निर्णय कोण घेतं याचा एक तक्ता करतोय. रकाने साधे ठेवले होते: देश, राज्यपद्धती, घटनेतलं कलम, निर्णय घेणारा, संसदेची परवानगी लागते का (हो/नाही). पंधरा-वीस देश भरून झाले आणि आता तक्ता माझ्याकडेच बघून हसतोय.

अमेरिकेपुढे ‘हो’ आहे. घटनेच्या पहिल्या कलमातल्या आठव्या विभागाप्रमाणे युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा. पण काँग्रेसने शेवटचं युद्ध पुकारलं ते जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. कोरिया, व्हिएतनाम, इराक, सगळं त्यानंतरचं. ब्रिटनपुढे ‘नाही’ आहे, कारण तिथे तो राजसत्तेचा विशेषाधिकार, म्हणजे व्यवहारात पंतप्रधानांचा. तरी ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियावरचा हल्ला तिथल्याच संसदेने अडवला. रशियापुढे पुन्हा ‘हो’. घटनेच्या १०२व्या कलमाप्रमाणे देशाबाहेर सैन्य वापरायचं तर वरिष्ठ सभागृहाची संमती लागते, आणि २२ फेब्रुवारी २०२२ ला ती रीतसर घेतलीही गेली. १५३ विरुद्ध शून्य.

म्हणजे ‘हो’ असलेल्या दोन देशांत अडलं काहीच नाही आणि ‘नाही’ असलेल्या देशात अडलं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कागदावरचा अधिकार आणि अडवण्याची खरी ताकद वेगळी दाखवायची तर रकाने कोणते घ्यावेत? हुकूमशाह्या मी सगळ्या एकाच खान्यात टाकल्यात, ते चालेल का? आणि ‘लोकशाही देश आपसांत लढत नाहीत’ हे वाक्य तळटीप म्हणून छापावं इतकं पक्कं आहे का?

विनंती: चालू राजकारणावर घसरू नका, धागा उडेल.

---

दप्तरी

शेवटचा रकाना काढून टाका. ‘परवानगी लागते का’ या एका प्रश्नात चार प्रश्न कोंबलेत. परवानगी कशाला लागते: युद्ध पुकारायला, सैन्य पाठवायला की पैसा खर्चायला? ती आधी घ्यायची की नंतर? संसद गप्प बसली तर मोहीम थांबते की चालू राहते? आणि मतांची मोजणी कशी होते?

पहिला प्रश्न झटकन निकालात निघतो. युद्ध ‘पुकारणं’ आता जवळजवळ कुणी करत नाही. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनंतर स्वसंरक्षण किंवा सुरक्षा परिषदेचा ठराव, या दोनच दारांतून बळाचा वापर कायदेशीर ठरतो. त्यामुळे सरकारं ‘कारवाई’ म्हणतात, ‘मोहीम’ म्हणतात. ट्रूमन यांनी १९५० मध्ये काँग्रेसचं मत न घेता कोरियात सैन्य उतरवलं आणि ही ‘पोलिसी कारवाई’ आहे असं वर्णन मान्य केलं. ज्या घटनेत कुलूप फक्त ‘पुकारणे’ या शब्दाला आहे, तिथे दाराला कुलूप आहे पण बाजूला भिंतच नाही.

खरी मेख पुढच्या दोन प्रश्नांत आहे. तीन देश शेजारी ठेवून बघा.

जर्मनी: घटनात्मक न्यायालयाने १२ जुलै १९९४ ला निकाल दिला की सशस्त्र सैन्य परदेशी पाठवायचं तर संसदेची आधी मंजुरी हवी. २००५ च्या कायद्याने त्याची पद्धत बांधून दिली. सरकारच्या प्रस्तावात सैनिकांची कमाल संख्या, प्रदेश, मुदत, खर्च हे सगळं लिहावं लागतं. संसद प्रस्तावाला हो किंवा नाही म्हणू शकते, त्यात बदल करू शकत नाही. हा मुद्दा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. बदल करता येत नसल्यामुळे ‘पाठवा, पण निम्मे’ अशी पळवाट राहत नाही. त्यामुळे घासाघीस प्रस्ताव येण्यापूर्वी, समितीच्या बंद खोलीत होते. मंजुरी सहसा एका वर्षाची असते आणि संपली की सैन्य परत. गप्प बसलात तर मोहीम थांबते.

फ्रान्स: २००८ च्या दुरुस्तीनंतर ३५वं कलम सांगतं की हस्तक्षेप सुरू झाल्यावर तीन दिवसांत संसदेला कळवा, चर्चा होईल, मतदान होणार नाही. चार महिन्यांपुढे चालू ठेवायचं असेल तरच मंजुरी. मालीतली मोहीम ११ जानेवारी २०१३ ला सुरू झाली आणि संसदेचं मत एप्रिलमध्ये पडलं. तोवर उत्तर मालीतली प्रमुख शहरं ताब्यात आली होती. चार महिन्यांनी ‘जावं का’ हा प्रश्न उरतच नाही, ‘आत्ता सोडून यावं का’ एवढाच उरतो, आणि त्याला ‘हो’ म्हणायला फार कमी खासदार तयार होतात.

अमेरिका: १९७३ चा युद्धाधिकार ठराव, निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून झालेला. ४८ तासांत कळवा, ६० दिवसांत मंजुरी नसेल तर थांबा, माघारीसाठी आणखी ३० दिवस. कागदावर हे जर्मनीसारखं दिसतं, कारण गप्प बसलं तर थांबायला हवं. पण घड्याळ ‘शत्रुत्वाची कृत्यं’ सुरू झाल्यावर चालू होतं, आणि ती सुरू आहेत की नाहीत हे राष्ट्राध्यक्षच ठरवतात. २०११ मध्ये लिबियावर बॉम्बफेक चालू असताना ६० दिवस उलटले. सरकारने सांगितलं की जमिनीवर आपलं सैन्य नाही, समोरून गोळीबार होत नाही, म्हणून ही त्या अर्थाने शत्रुत्वाची कृत्यं नव्हेत. शिवाय दोन्ही सभागृहांनी राष्ट्राध्यक्षांच्या सहीशिवाय मोहीम बंद करण्याची तरतूद त्या ठरावात होती, ती १९८३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर निर्जीव झाली. आता बंद करायचं तर सही लागते, सही मिळाली नाही तर दोन तृतीयांश मतं. म्हणजे युद्ध सुरू करायला साधं बहुमत लागावं अशी मूळ कल्पना होती आणि आज ते थांबवायला दोन तृतीयांश लागतं.

याचा सगळ्यात गमतीदार नमुना २८ एप्रिल १९९९ चा आहे. कोसोव्होसाठी युगोस्लावियावर बॉम्बफेक चालू होती. प्रतिनिधीगृहाने एकाच दिवशी युद्ध पुकारायला नकार दिला (४२७ विरुद्ध २), सैन्य मागे घ्यायलाही नकार दिला (२९० विरुद्ध १३९), आणि हवाई मोहिमेला पाठिंब्याचा ठराव २१३–२१३ असा बरोबरीत पडला. पुढच्या महिन्यात त्याच मोहिमेचे पैसे मंजूर केले. मोहीम ७८ दिवस चालली. तुमच्या तक्त्यात याला ‘हो’ लिहाल की ‘नाही’?

मोजणीवर तुर्कस्तान घ्या. १ मार्च २००३. इराकवर उत्तरेकडून चढाई करण्यासाठी ६२,००० पर्यंत अमेरिकी सैनिक तुर्की भूमीवर येऊ देण्याचा ठराव. बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. सभागृहाच्या अध्यक्षांनी आधी ठराव संमत झाल्यासारखंच सांगितलं. मग विरोधकांनी नियम दाखवला: हजर असलेल्यांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत. हजर ५३३, म्हणजे २६७. तीन मतं कमी पडली. सत्ताधारी पक्षाकडे ३६० हून जास्त जागा होत्या, पण पक्षाने सक्ती केली नव्हती आणि सैन्याच्या वर्चस्वाखालच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने आदल्या दिवशी शिफारस करायचं टाळलं होतं. जो तो दुसऱ्याच्या खांद्यावर ओझं टाकत होता आणि शेवटी ते १९ तटस्थांच्या पायांवर पडलं. अमेरिकेच्या चौथ्या पायदळ डिव्हिजनचं सामान घेऊन तुर्की किनाऱ्यासमोर थांबलेली जहाजं सुएझमार्गे कुवेतला वळवावी लागली.

ब्रिटनचं थोडक्यात: २०१३ मध्ये २८५–२७२ ने ठराव पडला, तो बंधनकारक नव्हता, तरी पंतप्रधानांनी पाळला. एप्रिल २०१८ मध्ये पुढच्या पंतप्रधानांनी मतदानच न घेता सीरियावर क्षेपणास्त्रं टाकली. तिथे प्रथा आहे, पण विचारायचं कधी हे सरकार ठरवतं. त्यामुळे रकान्यात ‘प्रथा’ लिहा आणि पुढे दोन्ही तारखा द्या.

---

मुद्देसूद

हुकूमशाह्या एका खान्यात मुळीच नकोत. लोकशाह्यांत आपसांत जेवढा फरक आहे त्याहून जास्त तिथे आहे.

जेसिका वीक्स या अभ्यासिकेची मांडणी तक्त्याला सोयीची पडेल. दोन प्रश्न विचारायचे. एक, नेता हरला तर त्याला काढू शकेल असं आत कुणी आहे का? दोन, राज्य गणवेशातल्या लोकांचं आहे की साध्या कपड्यांतल्या? यातून चार खाने होतात: पक्षयंत्रणा (उदा. स्टालिननंतरचा सोव्हिएत संघ), लष्करी मंडळ (१९८२ चा अर्जेंटिना), एकट्याचं नागरी राज्य (सद्दाम) आणि एकट्या सेनाधिकाऱ्याचं राज्य (इदी अमीन). युद्ध सुरू करण्याच्या बाबतीत पक्षयंत्रणा लोकशाहीच्या बरीच जवळ जाते. एकट्याचं राज्य सर्वांत बेफाम.

कारण सरळ आहे. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं तेव्हा इराकी लष्करप्रमुख निझार अल-खझराजी यांना सैन्य सीमेपलीकडे गेल्यावर ते कळलं, असं त्यांनीच पुढे सांगितलं. काम रिपब्लिकन गार्ड या खास सैन्याने केलं, जो सद्दामच्या घरच्या माणसांच्या हाताखाली होता. ज्याने रसद, दारूगोळा आणि शेजाऱ्यांची प्रतिक्रिया यांचा हिशेब मांडायचा त्यालाच वगळलं, की ‘अमेरिका येईल का’ हा प्रश्न विचारणारा खोलीत कुणी उरत नाही. १९९१ मध्ये दणदणीत पराभव झाला, आणि सद्दाम पुढे बारा वर्षं खुर्चीवर. हरण्याची किंमत नेत्याला मोजावीच लागत नसेल तर जुगार स्वस्त पडतो.

याउलट सोव्हिएत नेते क्रुश्चेव. १९६२ ला क्युबातून क्षेपणास्त्रं मागे घ्यावी लागली, ऑक्टोबर १९६४ मध्ये सहकाऱ्यांनी घरी बसवला. आरोपपत्रात इतर बरंच होतं, पण अशी उडी पुन्हा घ्यायची नाही हा धडा पुढच्यांनी घेतला.

लष्करी मंडळ हा खाना नीट बघण्यासारखा आहे. अर्जेंटिनात भूदल, नौदल, हवाईदल अशा तिघांचं मंडळ. तिघांचं एकमत लागतं म्हणजे सबुरी येईल, असं वाटतं. झालं उलटं. नौदलप्रमुख अनाया यांना ब्रिटनच्या ताब्यातलं फॉकलंड बेट हवं होतं, भूदलप्रमुख गाल्तिएरी यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी नौदलाचा पाठिंबा हवा होता. देवाणघेवाण जमली. मूळ आखणी १९८२ च्या उत्तरार्धाची होती. मार्चमध्ये दक्षिण जॉर्जिया बेटावर ठिणगी पडली, महागाईविरुद्ध कामगार संघटना रस्त्यावर येत होत्या (३० मार्चचा मोर्चा मोठा होता), आणि २ एप्रिललाच सैन्य उतरवलं.

त्या घाईची किंमत आकड्यांत दिसते. फ्रान्सकडून १४ सुपर एतांदार विमानं मागवली होती, आलेली पाच. विमानातून सोडायची एक्झोसे क्षेपणास्त्रंही पाचच. ब्रिटनची विमानवाहू नौका ‘इन्व्हिन्सिबल’ ऑस्ट्रेलियाला विकायचं ठरलं होतं. काही महिने थांबले असते तर समोर आरमारच दुबळं असतं. त्यातून माघारीची वाट बंद. अमेरिकी मध्यस्थ एखाद्या मसुद्यावर गाल्तिएरींना राजी करायचे आणि बाकीचे दोघे, त्यांच्यामागचे जनरल-अॅडमिरल तो उधळायचे. एकमताची अट युद्धात शिरताना सौद्याने भागते, बाहेर पडताना मात्र प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र नकार असतो. १४ जूनला शरणागती, आणि तीन दिवसांत गाल्तिएरी पायउतार.

---

लोलक

भारी प्रतिसाद. पण मुद्देसूद, पॉलिटब्युरो (सोव्हिएत पक्षाचं सर्वोच्च मंडळ) इतकं सावध होतं तर अफगाणिस्तान कसं झालं? तिथे तर बोलणारे बरेच होते.

---

तिसरी घंटा

कारण निर्णयाच्या वेळी ते ‘बरेच’ नव्हते.

मार्च १९७९ मध्ये अफगाणिस्तानातल्या हेरातला उठाव झाला, काबूलच्या सरकारने सोव्हिएत सैन्य मागितलं. पॉलिटब्युरोने १७ ते १९ मार्च चर्चा केली आणि नकार दिला. कारणं जी दिली ती पुढे शब्दशः खरी ठरली: लोक आपल्यालाच आक्रमक म्हणतील, अमेरिकेशी चाललेली बोलणी बुडतील, आणि लढावं लागेल ते अफगाण जनतेशीच. म्हणजे यंत्रणा नीट चालली तेव्हा तिने बरोबर उत्तर दिलं होतं.

डिसेंबरपर्यंत सर्वोच्च नेते ब्रेझनेव खूप आजारी होते आणि विषय अंद्रोपोव (केजीबी), उस्तिनोव (संरक्षण) आणि ग्रोमिको (परराष्ट्र) या तिघांच्या हातात गेला होता. १० डिसेंबरला सैन्यप्रमुख ओगार्कोव यांना ७५-८० हजार सैन्य तयार ठेवायला सांगितलं गेलं. एवढ्या सैन्याने भागणार नाही, असं ते म्हणाले. त्यांना गप्प बसवलं. १२ तारखेला जो ठराव झाला तो कागद आज उपलब्ध आहे, आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो एकदा तरी बघावा. एक पान, हाताने लिहिलेलं, अक्षर पॉलिटब्युरोतल्याच चेर्नेंकोंचं. मथळा: ‘‘अ’मधील परिस्थितीबाबत’. अफगाणिस्तान हे नाव कुठेही नाही. ‘सैन्य’ हा शब्द नाही. ‘कॉम्रेड अंद्रोपोव, उस्तिनोव, ग्रोमिको यांनी मांडलेले विचार आणि उपाय मंजूर’ एवढंच, आणि अंमलात आणताना तत्त्वाचा प्रश्न येत नसेल असे बदल तेच करू शकतील. वर आडव्या-तिरक्या सह्या. काही सह्या नंतरच्या दिवसांत, सैन्य सीमा ओलांडत असताना गोळा केल्या. पंतप्रधान कोसिगिन, जे मार्चमध्ये ठाम विरोधात होते, बैठकीला नव्हते. त्यांची सही नाही.

तेव्हा लोलक, तक्त्यात ‘सामूहिक नेतृत्व’ असा शिक्का मारून थांबू नका. ‘त्या दिवशी खोलीत किती जण’ हा आकडा शोधा. गटाचा गुण गट भरला तरच मिळतो. जे उरतात ते बहुतेक वेळा गुप्तचर आणि संरक्षण खात्याचे, म्हणजे ज्यांच्याकडे माहितीही आहे आणि हातोडाही. लोकशाहीतही छोट्या ‘युद्ध मंत्रिमंडळाने’ हेच होतं, फक्त तिथे बाहेर ओरडणारा विरोधी पक्ष आणि छापणारी वर्तमानपत्रं उरतात.

दुसरा एक सापळा: नकाराधिकार आहे, पण तो चुकीच्या जागी बसवलेला. १९४१ चा जपान. मेजी घटनेच्या ११व्या कलमाने सैन्याची सर्वोच्च सत्ता सम्राटाकडे, मंत्रिमंडळाकडे नाही. शिवाय भूदल आणि नौदल मंत्री सेवेतले अधिकारीच हवेत हा नियम (१९१३ ला सैल केलेला, १९३६ ला पुन्हा घट्ट केलेला). त्यामुळे एखाद्या दलाने मंत्री काढून घेतला आणि नवा दिला नाही की सरकार पडतं. जुलै १९४० मध्ये योनाई सरकार भूदलाने असंच पाडलं. म्हणजे भूदलाकडे नकार होता, पण तो सरकारविरुद्ध चालणारा. युद्धाविरुद्ध वापरता येईल असा नकार कुणाकडे नव्हता.

मग घड्याळ आलं. ऑगस्टमध्ये अमेरिकेने तेल तोडलं. जपानचं सुमारे ८० टक्के तेल तिथून यायचं. साठा सुमारे दोन वर्षांचा, आणि रोज कमी होणारा. ६ सप्टेंबरच्या सम्राटासमोरच्या बैठकीत ठरलं की ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत वाटाघाटी फळल्या नाहीत तर युद्धाचा निर्णय घ्यायचा. १२ ऑक्टोबरला पंतप्रधान कोनोए यांच्या घरी बैठक झाली तेव्हा नौदल मंत्री ओइकावा यांनी ‘पंतप्रधान ठरवतील ते’ म्हटलं. अमेरिकेशी लांबचं युद्ध झेपणार नाही हे नौदलात माहीत होतं, पण ते उघड बोललं तर वर्षानुवर्षं मागितलेला निधी आणि पोलाद कशासाठी, हा प्रश्न आला असता. कोनोए यांनी १६ ला राजीनामा दिला, १८ ला भूदल मंत्री तोजो पंतप्रधान झाले. सगळे जण एकमेकांकडे बघत खड्ड्यापर्यंत चालत गेले. दप्तरींनी दिलेल्या तुर्की मतदानातही असंच एकमेकांकडे बघणं होतं, तिथे मात्र शेवटी मोजणी होती. टोकियोत मोजणीच नव्हती.

---

लघुगणक

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. ‘लोकशाही देश आपसांत लढत नाहीत’ हे तळटिपेत टाका, पण व्याख्येशिवाय नको. तत्त्वज्ञ कांटने १७९५ मध्ये दिलेलं कारण असं: युद्धाचा खर्च आणि रक्त ज्यांना द्यायचं त्यांचीच संमती लागणार असेल तर ते दहादा विचार करतील. हे एका देशाबद्दलचं म्हणणं झालं. आकडेवारीत जे पक्कं सापडतं ते जोड्यांबद्दल आहे: दोन्ही बाजूंना लोकशाही असेल तर युद्ध फार विरळ. लोकशाही देश एकूणच कमी लढतात याचा पुरावा बराच कच्चा आहे. बिगर-लोकशाही देशांशी ते पुष्कळ लढले आहेत. हे दोन दावे लोक सर्रास मिसळतात.

गणित कसं होतं ते माहीत असू द्या. युद्ध म्हणजे नेहमीच्या व्याख्येत दोन राष्ट्रांमधला संघर्ष आणि किमान १,००० लढाईतले मृत्यू. लोकशाही म्हणजे बहुधा पॉलिटी मोजपट्टीवर (उणे १० ते अधिक १०) ६ किंवा त्याहून वर. दोन्ही उंबरठे माणसांनी ठरवलेत. उंबरठा हलवला की अपवाद आत-बाहेर होतात. ब्रिटन आणि आइसलँड मासेमारीच्या हद्दीवरून १९५८ ते १९७६ मध्ये तीनदा भिडले, जहाजांना जहाजं धडकवली. तो वाद, युद्ध नाही. ब्रिटनने ६ डिसेंबर १९४१ ला फिनलंडविरुद्ध युद्ध पुकारलं. दोन्ही लोकशाह्या, कागदावर युद्ध, पण थेट लढाई नगण्य म्हणून बाहेर.

कारगिल १९९९ मात्र सहज झटकता येत नाही. दोन्हीकडे निवडून आलेले पंतप्रधान, मृत्यू हजाराच्या वर धरले जातात. पण तिथेच रकान्याचा मुद्दा उघडा पडतो. पाकिस्तानात मोहीम सेनाप्रमुखांच्या भोवतीच्या मूठभर अधिकाऱ्यांनी आखली. पंतप्रधानांना किती आणि कधी सांगितलं यावर आजही वाद आहे, आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला त्यांचं सरकार लष्कराने उलथलं. देशाला गुण निवडणुकीचे मिळाले, निर्णय मात्र निवडणुकीच्या आवाक्याबाहेर झाला. दुसऱ्या बाजूला भारतात १७ एप्रिलला सरकार एका मताने (२६९–२७०) पडलेलं, लोकसभा विसर्जित, काळजीवाहू मंत्रिमंडळ. भारताच्या घटनेत युद्धासाठी संसदेची पूर्वसंमती नाहीच (‘युद्ध आणि शांतता’ हा केंद्रसूचीतला १५वा विषय, बस्स), म्हणून घटनात्मक अडचण आली नाही. नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, हवाई दलानेही नाही, हा निर्णय त्याच काळजीवाहू मंत्रिमंडळाचा.

नमुन्याबद्दल एक इशारा. १९४५ पूर्वी लोकशाह्याच मोजक्या होत्या, त्यामुळे जोड्याही मोजक्या. १९४५ नंतर बहुतेक लोकशाह्या एकाच बाजूच्या लष्करी करारात. न लढण्याचं श्रेय मतपेटीला द्यायचं की सामाईक शत्रूला, हे पूर्ण सुटं करता येत नाही.

अवांतर: ‘लोकशाह्या जास्त युद्धं जिंकतात’ असंही वाचाल. आकडे खरे आहेत, पण त्यातला मोठा भाग निवडीचा आहे. हरल्यावर निवडणूक हरायची भीती असल्याने जिंकण्यासारखीच युद्धं सुरू केली जातात. विद्यार्थ्याने सोपेच पेपर निवडले तर टक्केवारी चांगलीच दिसणार.

---

तिसरी घंटा

लघुगणक, सहमत, पण निवडीच्या मुद्द्याला एक भोक आहे. ७ ऑगस्ट १९६४ ला व्हिएतनामसाठी राष्ट्राध्यक्षांना मोकळीक देणारा टोंकिन ठराव अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात ४१६–० आणि सिनेटमध्ये ८८–२ ने झाला. २००१ ला, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर, बळाच्या वापराची मंजुरी ४२०–१ आणि ९८–०. इराकसाठीचं मतदान ऑक्टोबर २००२ मध्ये, मध्यावधी निवडणुकीच्या तोंडावर: २९६–१३३ आणि ७७–२३. जवळ निवडणूक असेल तर खासदाराला ‘युद्ध हरलं तर’पेक्षा ‘मी भित्रा ठरलो तर’ ही भीती मोठी असते. खुल्या व्यवस्थेचा फायदा तेव्हाच, जेव्हा मत देणाऱ्याकडे सरकारपेक्षा वेगळी माहिती असते. १९६४ आणि २००२ ला ती सरकारकडूनच आली होती. तुमच्या तक्त्यात ‘माहिती कुणाकडून’ असा रकाना जरूर टाका.

---

मुद्देसूद

पैशाच्या रकान्याबद्दलही. ‘तिजोरी संसदेकडे म्हणजे लगाम संसदेकडे’ असं सरसकट लिहू नका. जर्मनीत १ ऑगस्ट १९१४ ला रशियाविरुद्ध आणि ३ ला फ्रान्सविरुद्ध युद्ध जाहीर झालं, आणि संसदेला युद्धकर्ज मंजूर करायला बोलावलं ४ तारखेला. सोशल डेमोक्रॅट खासदारांच्या आदल्या दिवशीच्या बैठकीत १४ जण विरोधात होते, ७८ बाजूने. सभागृहात सगळ्यांनी मिळून हो म्हटलं. सैन्य निघाल्यावर पैसे अडवणं म्हणजे आपल्याच पोरांचं पाणी तोडणं, असं चित्र होतं. अमेरिकी काँग्रेसने इंडोचायनातल्या (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) लढाईचा पैसा १५ ऑगस्ट १९७३ पासून तोडला, तो मार्चमध्ये व्हिएतनाममधून शेवटचं लढाऊ सैन्य आणि युद्धकैदी परतल्यावर. लगाम ओढता आला, पण घोड्यावर कुणी नसताना.

---

लोलक

तक्ता पुन्हा मांडतोय. नवे रकाने: कशाला मंजुरी / आधी की नंतर / गप्प बसल्यास काय / मोजणी / त्या दिवशी खोलीत कोण / माहिती कुणाकडून / हरल्यावर नेत्याचं काय झालं. देशाऐवजी आता एकेका निर्णयाला एक ओळ, कारण ब्रिटन २०१३ आणि ब्रिटन २०१८ एका ओळीत मावत नाहीत. पहिली ओळ तुर्कस्तान २००३. मोजणीत ‘सभागृहाच्या निम्म्याहून अधिक, २६७’ असं लिहिलंय.

---

दप्तरी

‘सभागृहाच्या’ नको, ‘हजर सदस्यांच्या’ लिहा. सभागृह ५५० चं होतं, त्याचं बहुमत २७६ होईल. २६७ हे हजर ५३३ चं. १९ जण तटस्थ राहण्याऐवजी घरी बसले असते तर हजर ५१४, बहुमत २५८, आणि २६४ मतांनी ठराव संमत झाला असता.